समासातली पेन्सिल: एका प्रकरणाची नोंद

ज्या मुलाबद्दल हे लिहिते आहे, तो आता सज्ञान झाला आहे. त्यानं हा मजकूर आधी वाचला, एक वाक्य काढायला लावलं, एक ठेवायला लावलं आणि मगच होकार दिला. नाव, वस्ती, वडिलांचं काम, दुसऱ्या मुलाचं गाव, सगळं बदललं आहे. इथे त्याला रोशन म्हणते आणि दुसऱ्याला सुयश. शहर तेवढं खरं ठेवलं आहे. नागपूर काढलं तर मारबत जाते, २०२३च्या सप्टेंबरातला पूर जातो, आणि मग सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

मी नागपुरात समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत बारावीची आणि नीट-जेईईची मुलं पुष्कळ. बहुतेकांचे आईबाप एकच वाक्य घेऊन येतात: अभ्यासात लक्ष नाही. रोशनची आईही तेच घेऊन आली. दसरा होऊन चार-पाच दिवस झाले होते.

"मॅडम, याले काय झालं काही समजूनच नाही राहिलं," त्या म्हणाल्या. "पहिले घर डोक्यावर घेत होता. आता जेवायला हाक मारली तर हो म्हणते अन् तिथंच बसून राहते. टेस्टमध्ये सातशेवीसपैकी पाचशेच्या वर राहायचा, आता साडेतीनशेवर आला. मोबाईलच आहे, दुसरं काय."

रोशन शेजारच्या खुर्चीत होता. सतरा वर्षांचा, उंच, मांडीवर बॅग, बॅगेवर दोन्ही हात.

पालक खोलीत असतानाच मी मुलाला एक गोष्ट सांगते. इथं बोललेलं इथंच राहील, तीन गोष्टी सोडून. तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा तुझ्यावर अत्याचार होत असेल, तर मला गप्प राहता येणार नाही. आईनं मान हलवली. त्या बाहेर गेल्यावर रोशननं दार नीट लागलंय का ते पाहिलं आणि विचारलं, "चौथी गोष्ट काही नाही ना, मॅडम?"

मी नाही म्हटलं. पण चौथं काहीतरी आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिल्या दोन भेटींत आम्ही झोपेबद्दल बोललो. रात्री दीडला झोप लागते, तीनला उघडते. भूक नाही. पुस्तक उघडलं की अर्ध्या तासानं तेच पान. दिवाळी मध्ये आली. तिसरी भेट दिवाळीनंतरची. त्या दिवशी त्यानं बॅग मांडीवरून खाली ठेवली आणि म्हणाला, "मला एक मुलगा आवडतो."

माझी चूक

ही नोंद लिहायचं खरं कारण पुढची पाच मिनिटं आहेत.

मी घाबरले नाही, चेहरा बदलला नाही, "हे वय असंच असतं" असं काही म्हटलं नाही. एवढं मला येतं. पण मी प्रश्न विचारायला लागले. असं कधीपासून वाटतं? मुलींबद्दल कधी वाटलं का? स्वतःसाठी तू कुठला शब्द वापरतोस? आणखी कुणाला माहीत आहे? घरी कळलं तर काय होईल असं वाटतं? शिकताना हेच प्रश्न शिकवलेले असतात आणि ते चुकीचे नाहीत. रोशन एकेकाचं उत्तर देत गेला, तोंडी परीक्षेत देतात तसं, खाली पाहत. नववीपासून. नाही. गे. कुणालाच नाही. माहीत नाही.

मग तो थांबला.

"मॅडम, एक विचारू? मी तुम्हाला सांगितलं असतं की एक मुलगी आवडते, तर तुम्ही पहिले काय विचारलं असतं?"

मी खरं तेच सांगितलं. "कशी आहे ती, असं विचारलं असतं."

"मग विचारा ना."

मी विचारलं. पुढची चाळीस मिनिटं तो बोलत होता. तीन आठवड्यांत मी त्याचे दात पाहिले नव्हते, ते त्या दिवशी दिसले.

बारावीतल्या कुठल्याही मुलाला एखादी मुलगी आवडली की त्याच्या चार मित्रांना ते आधी कळतं. ते चिडवतात, तिचं नाव वहीवर लिहितात, ती दिसली की कोपर मारतात, ती बोलली नाही तर तर्री पोहे खायला नेऊन समजूत काढतात. प्रेम नीट असो की फसो, ते ऐकायला माणसं असतात. रोशनकडे सहा महिन्यांचं प्रेम होतं आणि ते ऐकणारं एकही माणूस नव्हतं. तो ओळखीच्या प्रश्नांची उत्तरं मागायला आला नव्हता. स्वतःशी त्याचं ते बरंचसं आधीच ठरलेलं होतं. त्याला सुयशबद्दल बोलायचं होतं आणि मी त्याच्याशी त्याच्याबद्दलच बोलत बसले होते.

त्यानं सांगितलेलं

शंकरनगर भागातली एक अभ्यासिका. पहिल्या मजल्यावर लांबच लांब खोली, प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाची ठरलेली जागा, महिन्याची फी. जूनमध्ये पाऊस यायचा तेव्हा येतो, तोवर एक मोठा कूलर सगळ्यांना पुरवायचा. नागपूरला अशा अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत आणि त्यांत अर्धी मुलं बाहेरची, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडची, खोली घेऊन राहणारी. सुयश त्यातलाच. त्याची जागा रोशनच्या शेजारची.

अभ्यासिकेत बोलायला बंदी असते, म्हणून सगळं लिहून चाललं. रोशनला अभ्यासाला बसलं की पाणी प्यायचं भान राहत नाही आणि उन्हाळ्यात डोकं दुखतं. एक दिवस डोकं धरून बसला होता, तेव्हा शेजारून हात आला आणि त्याच्या फिजिक्सच्या वहीच्या समासात पेन्सिलीनं लिहून गेला: पाणी पी. दुसऱ्या दिवशी परत. मग "चाय?", "झोपू नको बे", "हा प्रश्न तुले सुटला का". रोशन खाली उत्तर लिहायचा.

घरी निघताना तो हे सगळं खोडून टाकायचा. आधी वही खराब होते म्हणून. नंतर एक दिवस खोडरबर हातात असताना त्याच्या मनात आलं, की "पाणी पी" कुणी वाचलं तरी वाचणाऱ्याला काय कळणार आहे? आई वाचेल, बहीण वाचेल, काहीच कळणार नाही. तरी मला खोडावंसं वाटतंय. "म्हणजे काहीतरी आहे, हे मला खोडताना समजलं, मॅडम."

इतकी वर्षं मी मुलांचं ऐकते आहे. स्वतःच्या मनाचा थांग लागल्याचं इतकं नेमकं वर्णन मी क्वचित ऐकलं आहे.

त्या वर्षी अधिक श्रावणामुळे सगळे सण लांबले होते. पोळा १४ सप्टेंबरला आला आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे मारबत. नागपूरबाहेरच्यांसाठी एवढंच सांगते, की त्या दिवशी इतवारी-महालातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचे मोठे पुतळे, निघतात, सोबत बडगे, म्हणजे पुरुषाचे पुतळे, असतात, आणि अख्खं गाव ओरडतं: इडा पिडा घेऊन जा गे मारबत! खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा, महागाई घेऊन जा, ज्याला जे घालवायचं ते. सुयशनं हे कधी पाहिलं नव्हतं. रोशन त्याला घेऊन गेला. गर्दीत चुकामूक होऊ नये म्हणून सुयशनं त्याचं मनगट धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

"सगळे ओरडत होते. मी पण ओरडलो. मनात म्हटलं, मला जे होऊन राहिलं ते घेऊन जा गे मारबत. अन् मॅडम, लगेच इतकी भीती वाटली, की खरंच घेऊन गेली तर? मग मनातच म्हटलं, नको, राहू दे."

आठ दिवसांनी पूर आला. २२ सप्टेंबरच्या रात्री पाऊस सुरू झाला, काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पहाटे माणसं झोपेत असताना पाणी शिरलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सीताबर्डीचं मोरभवन. सुयशची खोली त्याच पट्ट्यात, तळमजल्यावर. फोन लागेना. रोशन मानेवाड्याहून सकाळीच निघाला, कुठे गाडीवर, कुठे गाडी लावून गुडघाभर पाण्यातून. सुयश घरमालकाच्या कुटुंबासोबत गच्चीवर सापडला. अंगावर काल रात्रीचे कपडे. वह्या-पुस्तकांचा खाली लगदा झाला होता.

रोशन त्याला घरी घेऊन आला. आईनं कपाटातून रोशनच्या बाबांचा निळ्या रेघांचा शर्ट काढून दिला, आजीनं काढा केला. पाच दिवस सुयश त्या घरी होता. हॉलमध्ये ओळीनं गाद्या, आजी, बहीण, दोघं मुलं. दिवसभर रोशन आपल्या वह्यांवरून त्याच्यासाठी फिजिक्सच्या नोट्स उतरवून काढायचा. "आई त्याला माझ्याआधी वाढत होती," हे रोशननं मला तीनदा सांगितलं.

जाताना सुयशनं समासात लिहिलं: तुमचं घर सोडून जावंसं वाटत नाही. हे वाक्य रोशननं खोडलं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अभ्यासिकेतल्या एकानं ते पाहिलं. मारामारी झाली नाही, कुणी मालकाकडे गेलं नाही. फक्त रोशन आत आला की कोपऱ्यातून आवाज यायचा, "आली बे वहिनी." चार-पाच जण हसायचे. सुयशही एकदा त्यांच्यात हसला. मग त्यानं जागा बदलली, मग अभ्यासिका बदलली, मग फोन उचलणं बंद केलं.

"भांडला असता तर बरं झालं असतं," रोशन म्हणाला.

१७ ऑक्टोबरला, मंगळवारी, समलिंगी विवाहाचा निकाल आला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, की लग्नाचा मूलभूत हक्क घटनेत नाही आणि कायदा करायचा तर संसदेनं करावा. संध्याकाळी घरी टीव्ही चालू होता. आजीनं विचारलं, "कोणाचं लग्न आहे?" बाबांनी काही न बोलता चॅनेल बदललं. रोशन सांगत होता, "बाबा वाईट बोलले असं नाही. ते काहीच नाही बोलले." त्या रात्री पहिल्यांदा त्याला वाटलं, की उद्या सकाळी जाग नाही आली तरी चालेल.

जिवाचा प्रश्न

हे वाक्य ऐकल्यावर माझी बाकी सगळी कामं मागे पडली. मी सरळ विचारलं, "मरून जावं असं वाटतं का? कसं, कुठे, असं काही मनात ठरवलंय का?" हा प्रश्न विचारला तर मुलाच्या डोक्यात नसलेलं येईल, अशी भीती पुष्कळ शिक्षकांना आणि पालकांना वाटते. तसं होत नाही. विचारल्यानं मुलाला कळतं, की हे बोलता येतं. रोशननं ठरवलेलं काही नव्हतं. उठू नये असं वाटायचं, एवढंच. पण रोज वाटायचं, आणि रोज वाटणं मी हलकं धरत नाही.

आम्ही एका कागदावर लिहून काढलं. असं वाटायला लागलं की आधी काय जाणवतं (रात्री तीनची जाग, छातीवर दाब). तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं (उठून आजीच्या गादीजवळ जाऊन बसायचं, आजी तीनलाही जागी असते आणि कारण विचारत नाही). कुणाला फोन करायचा. त्यात १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक लिहिला. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फोन फुकट लागतो, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं.

मग आईला काय सांगायचं, हा प्रश्न. धोका ही माझ्या तीन गोष्टींतली पहिली होती. ते मी रोशनला आठवण करून दिलं आणि विचारलं, काय सांगू, काय नको? त्यानं आणि मी वाक्यं ठरवली. आईला मी एवढंच म्हटलं: त्याच्या मनाला फार लागलं आहे. रात्री त्याला एकटं ठेवू नका. कारण तो सांगेल तेव्हा सांगेल, आज त्याला विचारू नका.

"पोरीचं काही आहे का, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"कारण मी सांगणार नाही, ताई."

"नाही" म्हणणं सोपं होतं आणि शब्दशः खरंही होतं. पण पुढे कधी त्यांना कळलं असतं तर माझ्या त्या "नाही"चा अर्थ त्यांनी काढला असता, आणि मग रोशनच्या घरात माझ्या शब्दाला किंमत उरली नसती.

एका सहकारी बाईंना मी नाव-गाव न सांगता हे प्रकरण विचारलं. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: मूल सतरा वर्षांचं आहे, पालकांना सगळं कळलं पाहिजे, उद्या काही झालं तर तू काय उत्तर देणार? मी यावर दोन रात्री विचार केला. धोका कळवणं माझं कर्तव्य होतं आणि तो मी कळवला होता. मुलाला कोण आवडतं, हा धोका नव्हता. ते माझ्या तोंडून घरी गेलं असतं तर धोका उलट वाढला असता. घरातून हाकललेल्या, नातेवाइकांकडे पाठवलेल्या, शिक्षण बंद केलेल्या मुलांशी मी बोलले आहे. त्यातल्या बऱ्याच घरांत बातमी मुलानं दिलेली नव्हती, दुसऱ्या कुणीतरी "भल्यासाठी" दिली होती.

याच भेटींत कधीतरी रोशननं विचारलं, "यावर गोळी असते का?" यूट्यूबवर कुणी बाबा तीन महिन्यांत "बरं" करून देतो म्हणत होता, फीसुद्धा सांगत होता. मी त्याला तारखाच सांगितल्या, कारण बारावी सायन्सच्या मुलाचा तारखांवर विश्वास असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, म्हणजे तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर सांगितलं. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो, की कोणाला मानसिक आजार आहे हे मान्य वैद्यकीय निकषांवर ठरेल, समाजाच्या रीतीत बसत नाही म्हणून ठरणार नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं, की लैंगिक कल बदलण्याचे "उपचार" करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे. तू डॉक्टर होणार आहेस ना, मी म्हटलं, मग हे तुला अभ्यासाचंच आहे.

"अन् गुन्हा?"

६ सप्टेंबर २०१८. तू सातवीत होतास. कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध त्या दिवशी बाहेर आले. त्यानं बोटांवर मोजून पाहिलं आणि म्हणाला, "त्या दिवशी शाळेत कोणी काहीच बोललं नव्हतं."

त्याच्या आईबाबांच्या पिढीनं हाच विषय २००९ मध्ये गुन्हा नाही, २०१३ मध्ये गुन्हा आहे, २०१८ मध्ये परत गुन्हा नाही, असा नऊ वर्षांत तीनदा फिरताना टीव्हीवर पाहिला. बाबांनी चॅनेल बदललं ते तिरस्कारानं की गोंधळून, हे मला ठरवता येत नाही. रोशनलाही ठरवू नकोस असं मी सांगितलं.

चिठ्ठी

डिसेंबरात झोप सुधारली. अभ्यासिका त्यानं सोडली नाही, हा त्याचा निर्णय. "वहिनी" आवाज आला की काय करायचं, याची आम्ही खोलीत तालीम केली. मालकाकडे तक्रार करायची तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून ती वाट बंद होती. शेवटी त्यानंच एक उत्तर शोधलं: मान वर करून ओरडणाऱ्याचं नाव घ्यायचं, "काय काम आहे बे?" एवढं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत पाहत राहायचं. तीन वेळा केलं. चौथ्यांदा करावं लागलं नाही.

जानेवारीत त्यानं सुयशला चिठ्ठी लिहिली. फोनवर नाही, वहीच्या कागदावर, पेन्सिलीनं. मला वाचून दाखवली. त्यात आरोप नव्हता. तू हसलास तेव्हा वाईट वाटलं, एवढं एक वाक्य होतं. बाकी सगळं पुराबद्दल आणि नोट्सबद्दल, आणि शेवटी, मला तू आवडतोस, तुला नसेन आवडत तर मी परत विचारणार नाही.

मी सांगितलं, आता देऊ नकोस. २१ फेब्रुवारीला बोर्डाची परीक्षा सुरू होते. तो नाही म्हणाला, किंवा त्यानं ती दुसऱ्या कुणाला दाखवली, तर तुला झेपणार नाही. रोशननं मान डोलावली, दोन आठवडे थांबला आणि देऊन टाकली. पुढच्या भेटीत मला सांगताना अपराध्यासारखा बसला होता. मी रागावले नाही, पण ती रात्र मला झोप लागली नाही. माझा सल्ला बरोबर होता की नव्हता, यावर अजून माझं मन एका जागी बसत नाही. एकीकडे तो मोडला असता. दुसरीकडे, मुलगी आवडणाऱ्या मुलाला नकाराचा धोका पत्करायची मुभा आपण देतो. त्याच्या बाबतीत मात्र मला प्रत्येक पावलावर काच अंथरलेली दिसत होती.

चार दिवसांनी चिठ्ठी परत आली. त्याच कागदाच्या समासात एक शब्द: परीक्षेनंतर.

तो शब्द रोशनला पुरला. बोर्डाचे पेपर त्यानं नीट दिले.

शेवटच्या पेपरनंतर दोघं मेट्रोत बसले. खापरीहून ऑटोमोटिव्ह स्क्वेअर, संत्रा मार्गिकेचं हे टोक ते ते टोक, मग परत. दुपारची वेळ, गाडी रिकामी, बाहेर मार्चचं ऊन. सीताबर्डीपर्यंत कुणीच बोललं नाही. तिथं गर्दी चढली, उतरली. मग सुयश खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "मले बी."

रोशननं विचारलं, "काय?"

"तू लिहिलं ते. मले बी. पण मले भीती वाटते. तुयी नाही वाटत, सगळ्यांची वाटते. मी त्या दिवशी हसलो त्याची तर लई लाज वाटते."

सुयश माझ्याकडे कधी आला नाही. त्याच्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते रोशनच्या तोंडून, म्हणून त्याच्या मनाबद्दल मी यापुढे काही लिहीत नाही. त्याचा नंबर माझ्याकडे मागून ठेवावा, त्यालाही मदत लागेल, असं एकदा वाटलं होतं. रोशनला तेवढंच सांगितलं, की त्याला यायचं असेल तर दार उघडं आहे.

मार्चच्या अखेरीस रोशनला अठरा पूर्ण झाली. त्यानंतर मी त्याला नागपुरातल्या सारथी ट्रस्टबद्दल सांगितलं. त्याच्यासारख्या माणसांसोबत काम करणारी ही संस्था इथलीच आहे. आधी सांगितलं नाही, कारण तिथं जायचं की नाही हे त्यानं सज्ञान झाल्यावर, कुणाच्या परवानगीची काळजी न करता ठरवावं असं मला वाटत होतं. त्याला सगळ्यात नवल कशाचं वाटलं, तर तिथली माणसं चाळिशीची, पन्नाशीचीही असतात याचं. "म्हणजे मोठे पण होतात," तो म्हणाला. आपल्यासारखा म्हातारा होत गेलेला एकही माणूस त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता.

घरी त्यानं अजून सांगितलेलं नाही. कधी सांगणार, हे मी विचारत नाही. तो आणि सुयश आता काय आहेत, हे एकदा विचारलं होतं. "रोज बोलतो," असं उत्तर मिळालं. त्यानं माझ्या मसुद्यातून काढायला लावलेलं वाक्य याबद्दलच होतं. मी एक शब्द वापरला होता, तो त्याला नको होता. ठेवायला लावलेलं वाक्य "पाणी पी" हे. ते मी फार साधं म्हणून गाळणार होते.

शेवटच्या भेटीला, एप्रिलमध्ये, आई घ्यायला आल्या होत्या. रोशन खाली गाडी काढायला गेला, तेव्हा त्या दारातच थांबल्या.

"तो गोंदियाकडचा पोरगा, मॅडम, पुराच्या वेळी आमच्याकडे राहिला होता तो. आता परत येते घरी कधी कधी. याच्या बाबांचा शर्ट अजून त्याच्याजवळच आहे. काल वापस द्यायला आणला होता, धुऊन, इस्त्री करून." त्या पायातली चप्पल नीट करत थोडा वेळ खाली पाहत राहिल्या. "मी म्हटलं, राहू दे तुझ्याजवळ."